मॅट्रिक्सची गणिते कॅल्क्युलेटरवर करू द्यावीत का?

धागाकर्ता:
माझी मुलगी न्यू जर्सीत अकरावीत आहे. तिच्या वर्गात तीन चलांची समीकरणे टीआय-८४ प्लस या कॅल्क्युलेटरवर सोडवतात. सहगुणक 'ए' मॅट्रिक्समध्ये (ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्यात) आणि उजव्या बाजूचे आकडे 'बी'मध्ये भरून 'ए'च्या व्यस्ताने 'बी'ला गुणले, की उत्तर तयार. आम्ही बारावीला नऊ मायनर (एकेक ओळ व स्तंभ गाळून उरणारे छोटे निर्धारक) काढून, चिन्हे सांभाळत व्यस्त मॅट्रिक्स मिळवत असू. माझ्या मते समज त्या खटाटोपातूनच येते, म्हणून शाळेत तरी हे यंत्र नको.

वहीबहाद्दर:
असहमत. त्या नऊ मायनरांचे पैकीच्या पैकी गुण मला मिळाले होते, परंतु तीन समीकरणे म्हणजे अवकाशातील तीन प्रतले आणि उत्तर म्हणजे त्यांचा समाईक बिंदू, हे मला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कोणी सांगितले नव्हते. खटाटोपाने फक्त चिन्हांच्या चुका शिकवल्या.

उजळणी:
मी धागाकर्त्यांच्या बाजूची, पण कारण वेगळे आहे. x + २y = ३ आणि २x + ४y = ६ ही जोडी घ्या; नंतर ६ च्या जागी ७ लिहा. पहिल्या जोडीला अनंत उत्तरे आहेत, दुसरीला एकही नाही, आणि व्यस्ताची रीत दोन्ही वेळा 'सिंग्युलर मॅट्रिक्स' (जिला व्यस्त नाही अशी मॅट्रिक्स) एवढीच त्रुटी दाखवून थांबते.

वहीबहाद्दर:
हा दोष यंत्राचा नसून रीतीचा आहे. त्याच यंत्रात आरआरईएफ आहे, म्हणजे ओळींच्या बेरीज-वजाबाकीने मॅट्रिक्स सर्वांत सोप्या रूपात आणणारी आज्ञा. उजवी बाजू जोडलेली मॅट्रिक्स त्यात घातली, तर पहिल्या जोडीची शेवटची ओळ ० ० ० येते आणि दुसरीची ० ० १, म्हणजे शून्य बरोबर एक! हा फरक वाचायला शिकवणे हेच शिक्षकाचे काम.

उजळणी:
मान्य, तरीही x + y = २ आणि x + १.०००१y = २.०००१ यांचे उत्तर (१, १) आहे, तर शेवटचा आकडा २.०००२ केल्यास ते (०, २) होते. मोजमापातील एवढ्याशा चुकीने उत्तर कुठल्या कुठे जाते, याची सूचना पडद्यावर उमटत नाही. रेषा जवळजवळ समांतर आहेत, हे ज्याने ओळींची वजाबाकी स्वतः केली त्याच्या लक्षात येते.

धागाकर्ता:
उजळणी यांच्या पहिल्या दोन्ही जोड्या मुलीला दिल्या. तिने दोन्हींपुढे 'उत्तर नाही' लिहिले. आलेख काढायला सांगितल्यावर पहिल्या जोडीची एकच रेषा दिसली आणि ती चपापली. तो आलेखही तिने त्याच यंत्रावर काढला, हे मला कबूल करावे लागते. तूर्त आमच्या घरी ओळींची वजाबाकी आधी वहीत, आणि पडताळा कॅल्क्युलेटरवर.