चर्चा: गेम खेळायला विंडोजच लागतं, हे अजून किती दिवस म्हणणार?

कोलशेतकर

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे, पीसी धडधाकट आहे पण सातव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असल्यामुळे विंडोज ११ घेत नाही, आता काय भंगारात घालू का. आणि कोणी बिचाऱ्याने विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स सुचवलं की सगळे तुटून पडतात, त्यावर गेम कुठे चालतात म्हणे. अरे बाबांनो, हे दहा वर्षांपूर्वी म्हणायचं होतं.

तेव्हा हालत वाईटच होती, नाही म्हणत नाही. स्टीम, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान, २०१३ मध्ये लिनक्सवर आलं, २०१५ मध्ये व्हॉल्व्हने लिनक्सवरच्या स्टीम मशीन आणून बघितल्या, त्या सपशेल आपटल्या, कारण गेमच्या कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळा गेम बनवायचा होता आणि एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी कोण कशाला बनवेल. ऑगस्ट २०१८ ला व्हॉल्व्हचं प्रोटॉन आलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि चित्रच पालटलं. गेम विंडोजचाच राहतो, तो विंडोजकडे जे मागतो ते प्रोटॉनमधलं वाइन त्याला लिनक्सकडून आणून देतं, विंडोजची ग्राफिक्सची भाषा डायरेक्टएक्स असते ती डीएक्सव्हीके लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये वळवून देतं, गेमला पत्ताच नाही आपण कुठे आहोत. (वाइन १९९३ पासून बनतंय, म्हणजे इथल्या निम्म्या जनतेपेक्षा वयाने मोठं असेल.) मग २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग पीसी आला, तो पूर्ण लिनक्सवर, आणि एल्डन रिंग नवा होता तेव्हा भल्याभल्या विंडोज पीसीवर अडखळत होता तो डेकवर सुरळीत चालत होता कारण व्हॉल्व्हने प्रोटॉनमध्येच त्याचा इलाज केला.

विचर ३, सायबरपंक, रेड डेड २, फोर्झा होरायझन ५, सगळं चालतं. एपिक आणि गॉग ह्या दुकानांवरचे गेम हीरोइक लाँचरमधून चालतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जो एकट्याने गेम खेळतो त्याला विंडोजची गरज उरलेली नाही, आणि ज्याला उरलीय त्याला लिनक्स नडत नाहीये, अँटीचीट, म्हणजे गेममधली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, नडतंय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच पिशवीत कोंबू नका.

ऐरोली_रात्रपाळी

दादा पोस्ट भारी आहे पण तुम्ही नावं घेतली ती बघा जरा, सगळे दार लावून एकट्याने खेळायचे गेम. आम्ही पाच जण अकरानंतर व्हॅलोरंटवर बसतो, एक ऐरोलीत, दोघं कळव्यात, एक पुण्याला पीजीत, एक नाशिकला. आमचा कट्टाच तो आहे, गप्पा जास्त आणि गेम कमी. व्हॅलोरंटचं अँटीचीट व्हॅनगार्ड लिनक्सवर चालत नाही, विषय संपला. २०२४ ला लीग ऑफ लेजंड्सला पण व्हॅनगार्ड लावलं, तिथे लिनक्सवाले वाइनवर मस्त खेळत होते, ते एका अपडेटमध्ये बाहेर. फोर्टनाइट नाही, कॉल ऑफ ड्यूटी नाही, पबजी नाही, बॅटलफील्ड ६ नाही. ईएच्या एफसी ह्या फुटबॉल गेमचं तर अजून भारी, तुम्हाला ऑफलाइन करिअर मोड खेळायचा असला तरी आधी अँटीचीट उठतं आणि गेम उघडतच नाही.

मेनस्ट्रीम म्हणजे पब्लिक खेळतं ते. तुम्हाला आवडतात ते नाही.

कोलशेतकर

पब्लिक खेळतं म्हणशील तर काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ कोण खेळतं? दोन्ही थेट लिनक्सवर आहेत, प्रोटॉनसुद्धा लागत नाही. मार्व्हल रायव्हल्स चालतो, हेलडायव्हर्स २ चालतो. इझी अँटीचीट आणि बॅटलआय ह्या दोन्ही अँटीचीटवाल्यांनी २०२१ पासून प्रोटॉनची सोय केलीय, गेमच्या कंपनीने फक्त हो म्हणायचं असतं. रॉकस्टारने जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय लावलं आणि प्रोटॉनला हो काही म्हटलं नाही, म्हणून ऑनलाइन बंद, स्टोरी मोड तसाच चालू. ह्यात लिनक्सने काय घोडं मारलं?

ऐरोली_रात्रपाळी

दोष कोणाचा ते ठरवून मॅच सुरू होत नाही ना दादा.

पामबीच

मला ह्यात एक वेगळीच भीती वाटते ती कोणी बोलत नाही. एपेक्स लेजंड्स हा गेम २०२२ पासून लिनक्सवर छान चालत होता, लोकांनी त्यात स्किन घेतल्या, बॅटल पास घेतले, रँक चढवली आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने सांगितलं की चीटर लोक लिनक्सचा आडोसा घेतायत, सगळ्यांना बंद. म्हणजे आज लिनक्सवर चालणाऱ्या गेमच्या यादीत हिरवी खूण आहे ती पुढच्या महिन्यात असेल ह्याची हमी कोण देणार? विंडोजवर निदान गेम बंद पडला तर सगळ्यांचा पडतो, बोंब मारायला सोबत असते. लिनक्सवाल्याचं कोण ऐकतंय, स्टीमच्या सर्व्हेत ऑक्टोबर २०२५ ला कुठे तीन टक्क्यांच्या वर गेलेत आणि तेवढ्यावर ह्यांची दिवाळी.

सानपाडा_कॅफेवाला

धंद्याचं सांगतो. माझा गेमिंग कॅफे आहे, मशीन डिस्कलेस, सगळ्या एका सर्व्हरवरून उठतात. क्लास सुटले की पोरांचं टोळकं आत येतं, दप्तर खुर्चीखाली, आणि बसायच्या आधी एकच प्रश्न, काका व्हॅलो अपडेट आहे ना? ग्राफिक कार्ड कुठलं, मॉनिटर किती हर्ट्झचा, हे नंतर. दुसरा नंबर जीटीए आरपीचा, म्हणजे जीटीएमध्ये एखादं पात्र बनून खेळायचं, त्याला फाइव्हएम नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते पण लिनक्सवर नाही. लायसन्सचा खर्च वाचतो म्हणून मला लिनक्समध्ये रस आहे, खोटं कशाला बोलू, मी नीट चौकशी केलेली. पण दोन मशीन लिनक्सच्या ठेवल्या तर त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहणार. काउंटर स्ट्राइकवाले येतात, नाही असं नाही, पण त्यातले सिरीयस असतात ते फेसइट, म्हणजे मॅच लावून देणारी बाहेरची सेवा, मागतात आणि फेसइटचं अँटीचीट परत विंडोजच.

कोलशेतकर साहेब, तुमचं खरं असेल, घरी. दुकानात गिऱ्हाईक मागतं तेच ठेवावं लागतं.

नौपाडा_टर्मिनल

सगळे व्हॅलो व्हॅलो करतायत पण ते व्हॅनगार्ड नक्की काय करतं ह्यावर कोणी बोलायला तयार नाही. साधं अँटीचीट गेम चालू केला की चालू होतं, बंद केला की बंद. व्हॅनगार्डचा ड्रायव्हर पीसी सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतो, म्हणूनच तो टाकल्यावर रीस्टार्ट मागतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या ट्रेमधून बंद केला तर परत रीस्टार्ट केल्याशिवाय गेम चालू देत नाही. ज्या पीसीवर तुमच्या बाबांचं नेटबँकिंग आहे, आईचं डिमॅट आहे, त्याच पीसीच्या सगळ्यात आतल्या खोलीत एका गेम कंपनीचा माणूस चोवीस तास. तो चांगला माणूस असेलही हो. पण १९ जुलै २०२४ आठवतो का? क्राउडस्ट्राइक, ती तर सिक्युरिटीचीच कंपनी, एक खराब अपडेट सोडला आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या, आपल्याकडे विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. कर्नलमध्ये बसलेला शिंकला तर अख्खं मशीन आडवं होतं, एवढा तो साधा हिशोब.

लिनक्सवर हे होत नाही ह्याचं कारण असं की तिथे कर्नल तुमचा असतो, तुम्ही तो बदलून घेऊ शकता, आणि अँटीचीटवाल्याला नेमका त्याचाच भरवसा नाही. म्हणजे त्यांची अडचण खरी आहे, ते मूर्ख नाहीत. पण त्यावर उपाय म्हणून माझ्या घराची किल्ली मी का द्यायची? चीटर पकडायचे तर सर्व्हरवर पकडा, खर्च येतो तो तुमचा.

ऐरोली_रात्रपाळी

फोनमध्ये दहा लोन ॲपना कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी देऊन बसलेली जनता आपण, आणि किल्ली कुठे जाते तर व्हॅनगार्डकडे 😂 आणि सर्व्हरवर पकडा म्हणणं सोपं आहे. काउंटर स्ट्राइक तेच करतं ना, मग त्याच्या प्रीमियर मॅचमध्ये भिंतीपलीकडचं बघणारे भेटतात त्याचं काय? फेसइट लोक काय शौक म्हणून टाकतात का?

घणसोली_एफपीएस

अँटीचीट राहू दे बाजूला, ग्राफिक कार्डाचं बोला. एएमडी असेल तर लिनक्सवर खरंच मजा आहे, ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नल आणि मेसा ह्या ग्राफिक्सच्या भागात आधीपासूनच असतो, काहीही टाकायचं नाही. पण ठाण्या-मुंबईत लॅमिंग्टन रोडवरनं जोडून आणलेले दहा पीसी उघडा, बहुतेकांत एनव्हिडियाच निघेल. आणि डीएक्स १२ (डायरेक्टएक्स १२) च्या गेममध्ये एनव्हिडिया लिनक्सवर विंडोजपेक्षा मागे पडतं, हे लिनक्सवाले पण कबूल करतात, फक्त हळू आवाजात. ज्या सातव्या पिढीच्या पीसीचा एवढा कळवळा आलाय त्यात बहुतेक जीटीएक्स १०५० नाहीतर १०६० असणार, आणि त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाची ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा आहे. म्हणजे नवी डिस्ट्रो (लिनक्सचा एखादा प्रकार) टाकाल तेव्हा कुठला ड्रायव्हर येतोय ते बघावं लागणार. हे कोणी "लिनक्स टाक" म्हणताना सांगतं का? अजून एक, एएमडीवाल्यांनी मोठा टीव्ही जोडायचा असेल तर टीव्ही जोडायच्या एचडीएमआय २.१ चा घोळ वाचून घ्या, २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमनेच ओपन ड्रायव्हरला नकार दिला होता. मायक्रोसॉफ्टचा गेम पास (वर्गणीवर गेम) असेल तर क्लाउडवर खेळा, पीसीवर उतरवून खेळणं विसरा.

तरी पण मी लिनक्स वापरतो. बॅझाइट नावाची डिस्ट्रो. अपडेट फसला तर आधीच्यावर परत जाता येतं म्हणून.

कोलशेतकर

१०६० चं म्हणशील तर विंडोजवर पण गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आता फक्त सिक्युरिटीचे येतात. कार्ड म्हातारं झालं ते दोन्हीकडे झालं. डीएक्स १२ चं मान्य, पण १०६० वर डीएक्स १२ चे नवे गेम तू खेळतोयस कुठे, त्यावर डीएक्स ११ चेच खेळून होतात आणि तिथे फरक जाणवत नाही.

वाशी_सेक्टर१७

मी गेम खेळत नाही पण धागा वाचला कारण मुलगा आठवीत आहे आणि घरचा पीसी नेमका तुम्ही म्हणता तोच. तो माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स खेळतो, त्याला प्रोजेक्ट, झूम आणि प्रिंटर लागतो. त्याच्या वर्गातल्या मुलाच्या दादाने फुकटात लिनक्स टाकून देतो म्हटलंय. टाकू देऊ का? सोप्या भाषेत सांगा, मघापासून निम्मं डोक्यावरून गेलंय.

घणसोली_एफपीएस

ताई, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती बिनधास्त चालते, त्याच्याकडे बेडरॉक आवृत्ती असेल तर गडबड आहे, आधी ते विचारा. रोब्लॉक्स अधिकृत नाही, सोबर नावाचं एक ॲप आहे ते अँड्रॉइडवालं रोब्लॉक्स चालवतं, चालतं चांगलं पण कंपनीने मनात आणलं तर बंद. झूम चालतं. प्रिंटर कुठला आहे ते लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी तपासता येतं, काही न पुसता. त्या दादाला तेवढंच करायला सांगा आणि मुलाला पेन ड्राइव्हवरच एक दिवस वापरू दे. घाई नाही, विंडोज १० ला वाढीव सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, सेटिंगमध्ये नाव नोंदवावं लागतं.

नौपाडा_टर्मिनल

@ऐरोली_रात्रपाळी तू लिनक्स दुसऱ्या एसएसडीवर का टाकत नाहीस? व्हॅलो विंडोजवर ठेव, बाकी सगळं इकडे. फक्त स्टीमची लायब्ररी विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरून लिनक्समध्ये चालवायला जाऊ नकोस, प्रोटॉन तिथे नखरे करतं, लिनक्ससाठी वेगळी जागा दे.

ऐरोली_रात्रपाळी

सिक्युअर बूट (पीसी चालू होताना सॉफ्टवेअर खात्रीचं आहे का ते तपासणारी सोय) बंद करावं लागेल ना पण? विंडोज ११ वर व्हॅनगार्ड तेच मागतं, बंद केलं की व्हॅलो उघडत नाही.

नौपाडा_टर्मिनल

बंद नाही करायचं. मिंट, उबुंटू, फेडोरा ह्या डिस्ट्रो सिक्युअर बूट चालू ठेवून बसतात. तुझं एनव्हिडिया आहे, मिंट किंवा उबुंटू घेतलंस तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगेल, पुढच्या बूटला निळी स्क्रीन येईल, तिथे किल्ली एनरोल करायचा पर्याय निवडून तोच पासवर्ड टाकायचा. बरेच जण घाबरून तिथे सरळ एंटर मारतात आणि मग ड्रायव्हर लोड होत नाही म्हणून रडत येतात.

ऐरोली_रात्रपाळी

म्हणजे दुसरा एसएसडी घ्यायचा, ड्राइव्ह वेगळी करायची, निळ्या स्क्रीनवर पासवर्ड टाकायचा, रोज अकरा वाजता रीस्टार्ट मारून विंडोजमध्ये यायचं, आणि हे सगळं एल्डन रिंगसाठी, जो माझ्या विंडोजवर आत्ताच्या आत्ता चालतोय?