मोठा शेंकर की धाकटा?

मानसी (सी-२०३): काका, आमचा अथर्व गिटार शिकतोय ना, चार दिवस नुसता स्कॉर्पिअन्स हा जर्मन रॉक बँड ऐकतोय. त्यांच्या मायकल शेंकरसारखं सोलोच, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायचे तुकडेच, वाजवायचे म्हणतो. क्लासला सर रिदमचा, म्हणजे गाण्याला लयीची साथ धरायचा, सराव देतात, तो नको असतो. तुम्ही बोला ना त्याच्याशी.

काका (ए-३०४): मायकलवर जीव जडला यात नवल नाही गं. हॅनोव्हरजवळच्या झारश्टेटचा मुलगा. १९७२ मध्ये स्कॉर्पिअन्सचा पहिला अल्बम आला तेव्हा त्यात वाजवणारा हा सतरा वर्षांचा. पुढच्याच वर्षी यूएफओ हा इंग्लिश बँड जर्मनीत वाजवायला आला आणि त्यांचा गिटारवाला पोचलाच नाही. त्याच्या जागी मायकल उभा राहिला. त्यांनी त्याला ठेवूनच घेतलं! इंग्रजी धड येत नव्हतं त्याला.

काका (ए-३०४): पण अथर्वला म्हणावं, मोठ्या भावाकडे बघ. रुडॉल्फने १९६५ मध्ये बँड काढला. सख्खा भाऊ मायकल गेला, मग आलेला गिटारवाला उली योन रोथ १९७८ मध्ये गेला. १९७९ च्या 'लव्हड्राइव्ह'साठी मायकल थोडा परत आला, पुन्हा गेला. मग माथियास याब्सने लीड, म्हणजे सोलो वाजवणारी मुख्य गिटार, सांभाळली. रुडॉल्फ मात्र जागचा हलला नाही, रिदम धरून राहिला. आणि 'रॉक यू लाइक अ हरिकेन', 'स्टिल लव्हिंग यू' यांच्या चाली कोणाच्या? त्याच्याच.

शर्वरी (बी-१०१): काका, पण लोकांच्या लक्षात सोलोच राहतो. उली रोथने तर व्हायोलिनच्या उंचीपर्यंत सूर जावेत म्हणून जास्त पडद्यांची स्काय गिटार करून घेतली. आणि जर्मनीतल्याच झोलिंगनच्या ॲक्सेप्ट बँडमधला गिटारवाला वोल्फ होफमान! १९८५ च्या 'मेटल हार्ट'मध्ये सोलोत चक्क बीथोव्हेनचं 'फ्यूर एलिझं'. मी पियानोवर शिकले होते ते, गाण्यात ओळखू आलं तेव्हा अंगावर काटा आला.

काका (ए-३०४): काटा माझ्याही अंगावर येतो. पण शर्वरी, तो सोलो चालू असताना खालची रिदम गिटार आणि ड्रम काढून टाक, मग ऐक. भजनात टाळ सुटला की बुवा कितीही चांगले असोत, गाणं बसत नाही. रुडॉल्फचा उजवा हात तसा टाळ आहे. भावाला यूएफओला जाऊ दिलं, आडकाठी केली नाही, आणि स्वतःचा बँड पुन्हा उभा केला. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

शर्वरी (बी-१०१): हे पटलं. आज रुडॉल्फकडे कान देऊन ऐकते.

अथर्व (सी-२०३): काका, आईच्या फोनवरून लिहितोय. मग आधी कुठलं गाणं बसवू?

काका (ए-३०४): 'स्टिल लव्हिंग यू'. सुरुवातीला एकेक तार सुटी वाजते, तिथे लय जराही धावता कामा नये. उद्या संध्याकाळी सहाला क्लब हाउसमध्ये ये. मेट्रोनोम, ते टिकटिक करत लय देणारं यंत्र, आण. सोलो पुढच्या महिन्यात बघू.