मदत हवी आहे: चकमकीची ठासणीची बंदूक घ्यायची आहे. ट्रॅडिशन्स, पेडरसोली की जुनी थॉम्पसन/सेंटर?

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ राहतो. इथे हरणांच्या शिकारीचा एक स्वतंत्र हंगाम नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. त्यात बंदूक वापरायची तर ती तोंडाकडून ठासायची आणि चकमकीवर, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बंदुकीची दारू पेटून, उडणारीच असावी लागते. राज्याने हा हंगाम १९७४ साली सुरू केला. ऑक्टोबरच्या ठासणीच्या हंगामात टोपीवर (ठोका बसताच पेटणारी धातूची छोटी टोपी) किंवा आधुनिक प्रायमरवर उडणाऱ्या बंदुका चालतात, पण या हिवाळी हंगामात त्या चालत नाहीत. हरणासाठी बंदुकीचे कॅलिबर ०.४४ पेक्षा कमी असून चालत नाही. दोन्ही हंगामांना एकच बंदूक पुरावी म्हणून मी ०.५० कॅलिबरची चकमकीची बंदूक घेण्याचे ठरवले आहे. शिकारीचे प्रशिक्षण आणि परवाना या गोष्टी झालेल्या आहेत. ही बंदूक माझा सतरा वर्षांचा मुलगाही माझ्यासोबत वापरणार असल्यामुळे सुरक्षिततेच्या बाबतीत मला कोणतीही तडजोड करायची नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला ट्रॅडिशन्सची डीअरहंटर. ही कंपनी कनेटिकटची असली तरी तिच्या बंदुका स्पेनमधल्या अर्देसा या कारखान्यात बनतात. किंमत काहीशे डॉलरच्या घरात, नळी आखूड, वजन बेताचे. तक्रार मात्र जवळजवळ सगळ्यांची एकच, की ठिणगी भरवशाची पडत नाही. दुसरा पर्याय पेडरसोलीचा. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पियात १९५७ पासून चालत आलेला हा कारखाना जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठीच ओळखला जातो. लाकूड आणि लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) दोन्ही उत्तम, पण किंमत हजार डॉलरच्या वर जाते. तिसरा पर्याय म्हणजे थॉम्पसन/सेंटरची वापरलेली हॉकेन. न्यू हॅम्पशायरच्या या कंपनीने ती १९७० मध्ये बाजारात आणली आणि अमेरिकेत ठासणीच्या शिकारीला पुन्हा लोकप्रिय करण्यात तिचा मोठा वाटा आहे. जुन्या बाजारात ती अजूनही बऱ्यापैकी मिळते. पण ही कंपनी आधी स्मिथ अँड वेसनकडे गेली, २०२१ मध्ये त्यांनी ती विकायला काढली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा नव्या मालकाकडे गेली. अशा वेळी जुन्या बंदुकीच्या सुट्या भागांसाठी आणि हमीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हे मला समजत नाही.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेत नळीची दाबचाचणी करून घेणे कायद्याने सक्तीचे नाही. कारखानदार आपापली चाचणी करतात आणि ग्राहकाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. स्पेन आणि इटलीत मात्र प्रत्येक नळी विक्रीपूर्वी अधिकृत चाचणीगृहातून पार व्हावीच लागते आणि तसा ठसा नळीवर उमटवला जातो. मग स्वस्त स्पॅनिश बंदूक ठसा नसलेल्या महागड्या अमेरिकन बंदुकीपेक्षा सुरक्षित मानावी का? की हा ठसा केवळ एका दिवसाच्या चाचणीची साक्ष देतो आणि रोजच्या वापरातली सुरक्षितता लॉक, कान (ठिणगी आत जाते ते नळीचे छिद्र) आणि नळीचे बूड यांवर अवलंबून असते?

ब्रँडच्या नावावर किती विसंबावे, ही शंका ठासणीच्या बंदुका विकणाऱ्या सीव्हीए या कंपनीच्या इतिहासामुळे आली. या कंपनीने १९९५ आणि १९९६ साली बनवलेल्या इनलाइन (टोपी नळीच्या सरळ मागे बसणाऱ्या) बंदुका १९९७ मध्ये परत मागवल्या होत्या. ज्यांच्या अनुक्रमांकाच्या शेवटी ९५ किंवा ९६ आहे अशा इनलाइन बंदुका वापरू नयेत, ही सूचना आजही लागू आहे. १९९९ मध्ये मालकी बदलली आणि आजच्या सीव्हीए बंदुकांबद्दल लोक चांगलेच बोलतात. म्हणजे त्याच नावाची जुनी बंदूक आणि नवी बंदूक या दोन सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत, आणि वापरलेल्या मालाच्या दुकानात त्या एकाच मांडणीवर शेजारी शेजारी उभ्या असतात. नवखा ग्राहक नाव वाचून विश्वास ठेवतो, याची मला खरी काळजी वाटते.

इथे अमेरिकेत शिकार करणारे काही सभासद आहेत, तसेच कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या घरांतलेही आहेत, हे वाचून माहीत आहे. दोघांचाही अनुभव मला हवा आहे. वापरलेली बंदूक दुकानात हातात घेतल्यावर नेमके काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

बेथलेहेमकर यांचे उत्तर

तुमच्या तिन्ही पर्यायांपैकी एकही मुळात धोकादायक नाही, हे आधी सांगतो. अपघातांची मोठी कारणे म्हणजे चुकीची दारू, एकावर एक ठासलेले दोन बार (बार म्हणजे एका वेळची दारू आणि गोळी) आणि दारूपर्यंत न पोचलेली गोळी. धूररहित आधुनिक दारू काळ्या दारूच्या नळीत कधीही भरू नये, चिमूटभरसुद्धा नाही. तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही. गोळी दारूवर घट्ट न बसता मध्येच राहिली तर त्या ठिकाणी नळी फुगते किंवा फाटते. म्हणून गजावर (ठासायच्या दांड्यावर) रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची एक अशा दोन खुणा करून ठेवाव्यात आणि मुलाला पहिल्या दिवसापासून त्या बघायची सवय लावावी.

आता तपासणी. दुकानात वापरलेली बंदूक हातात आली की ती भरलेली आहे असे समजूनच सुरुवात करा, कारण बार न काढता विकायला आलेल्या ठासणीच्या बंदुका खरोखर सापडतात. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून गज अलगद आत सोडा, तोंडाशी चिमटीत धरा, बाहेर काढा आणि तसाच नळीच्या बाहेरून लावून पाहा. गजाचे टोक कानाच्या जवळपास पोचले पाहिजे. इंचभर जरी अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. तशी बंदूक तिथेच खाली ठेवा आणि दुकानदाराला कारागिराकडून ती रिकामी करून घ्यायला सांगा.

नळी रिकामी आहे याची खात्री झाल्यावर घोडा (गारगोटी धरून आपटणारा भाग) अर्ध्यावर आणून चाप जोराने दाबा. घोडा पडता कामा नये. पडला, किंवा थोडा जरी सरकला, तर भाव कितीही चांगला असो, ती बंदूक घेऊ नका. या बंदुकांना दुसरे खटके क्वचितच असतात, अर्ध्यावरची ती खाचच सगळी जबाबदारी वाहते. त्यानंतर गारगोटी जिच्यावर घासते ती पोलादी पट्टी, म्हणजे फ्रिझन, पाहा. तिला पाणी नीट दिलेले असेल तर बारीक कानस तिच्यावरून घसरते, रुतत नाही. दुकानदाराची परवानगी असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात रिकाम्या वाटीवर (कानाबाहेरचा, ठिणगी झेलणारा खळगा) घोडा पाडून पाहा. पांढऱ्या, जाड ठिणग्या वाटीत पडून क्षणभर जळत राहिल्या पाहिजेत. नुसत्या तांबूस आणि लगेच विझणाऱ्या ठिणग्या दिसल्या तर फ्रिझन मऊ आहे. ट्रॅडिशन्सबद्दलच्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा इथे किंवा बोथट गारगोटीत असते, आणि दोन्हींवर उपाय आहे.

कान साधारण एक सोळांश इंचाचे असते. झिजून ते मोठे झाले असेल तर उजव्या बाजूला उभ्या माणसाकडे जाणारा झोत वाढतो. थॉम्पसन/सेंटरमध्ये कानाचे अस्तर आट्यांवर बसवलेले असल्यामुळे ते बदलता येते, हा तिचा मोठा गुण आहे. शेवटी घट्ट बसणारी कापडाची चिंधी गजावरून नळीत सावकाश फिरवा. मध्येच एकाएकी सैल लागली तर तिथे नळी फुगलेली आहे. बुडाशी खरखरीत लागली तर गंजाचे खड्डे आहेत.

ठशाबद्दल तुमची दुसरी शंका बरोबर आहे. इटालियन नळीवर ताऱ्याखाली पी आणि एन ही अक्षरे दिसतील. ती काळ्या दारूच्या चाचणीची खूण आहे, आणि शेजारच्या चौकटीतली दोन अक्षरे चाचणीचे वर्ष सांगतात. कारखान्यातून नळी धड बाहेर पडली, एवढे त्यावरून खात्रीने कळते. नंतरच्या मालकाने तिचे काय केले, ते त्यात नाही. नवी घ्यायची असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर माझे मत पेडरसोलीला. हाताने काम करायची आवड असेल तर ओहायोच्या किब्लर या बंदूक कारखानदाराचे सुटे भाग जोडून बंदूक तयार करण्याचा पर्यायही पाहा. त्यांचे लॉक मला पेडरसोलीपेक्षाही सरस वाटते.

सिंधुदुर्गचा रानमाणूस यांचे उत्तर

आमच्या घरी आजोबांपासून परवान्याची ठासणीची बंदूक आहे, टोपीवर उडणारी, त्यामुळे चकमकीबद्दल मी बोलत नाही. नळीच्या आयुष्याबद्दल मात्र सांगतो. काळी दारू जळल्यावर जी राख उरते ती हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात तशीच ठेवलेली नळी रातोरात गंज धरते. बार उडवला त्याच दिवशी कढत साबणाचे पाणी, मग कोरडे फडके, मग तेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फडके फिरवायचे, हा आमच्याकडचा नेम आहे. वापरलेली बंदूक घेताना कंपनीपेक्षा आधीच्या मालकाची ही सवय महत्त्वाची. ती बुडाशी असलेल्या खड्ड्यांवरून कळते. नळी बाहेरून चकाकते म्हणून फसू नका.

धागाकर्ता

दोघांचाही मनापासून आभारी आहे. बेथलेहेमकर, तुमच्या क्रमाने एका दुकानातली जुनी हॉकेन तपासली. नळी रिकामी होती आणि अर्ध्यावरचा घोडाही पक्का होता. पण चिंधी बुडाच्या चार बोटे अलीकडे दोन ठिकाणी अडकली आणि बाहेर आली ती तांबूस होऊन, म्हणून ती सोडून दिली. बाहेरून ती इतकी सुंदर होती की तुमचे उत्तर वाचले नसते तर मी नक्की घेतली असती. आता पेडरसोली नवी घेण्याकडे कल आहे.

एक शंका उरली आहे. इथल्या मोठ्या दुकानांत काळ्या दारूला पायरोडेक्ससारखे पर्यायच मिळतात, खरी काळी दारू दिसत नाही. चकमकीच्या बंदुकीत नळीत पर्यायी दारू आणि वाटीत रंजकापुरती (ठिणगीने आधी पेटणारी चिमूटभर) खरी काळी दारू, असे केले तर चालेल का?

बेथलेहेमकर

तसे करू नका. पर्यायी दारूला पेट घ्यायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे वाटीतले रंजक भडकते पण नळीतला बार उशिरा उडतो किंवा उडतच नाही. उशिरा उडणारा बार हाच नवख्यासाठी सर्वांत मोठा धोका, कारण तोवर तो बंदूक खाली घेऊन तोंडाकडे पाहू लागलेला असतो. बार उडाला नाही तर निदान मिनिटभर तरी बंदूक लक्ष्याकडेच रोखून धरायची, हे मुलाला पक्के शिकवा. खरी काळी दारू कायद्याने स्फोटक गणली जाते, तिच्या साठवणीचे नियम कडक आहेत आणि म्हणून मोठी दुकाने ती ठेवत नाहीत. ठासणीच्या बंदुकांच्या स्थानिक क्लबांत चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी सभासद एकत्र मागवतात. ०.५० साठी नळीत दोन किंवा तीन एफ आणि वाटीत चार एफ दारू घ्या (एफ जितके जास्त तितके दाणे बारीक). पहिल्या दिवशी कंपनीच्या पुस्तिकेतला सर्वांत कमी बार भरा, आणि मुलाच्या उजव्या हाताला कोणालाही उभे राहू देऊ नका.