फॉर्म दिसला की खरा ईमेल आणि खरा नंबर: हे थांबवायला नको का?

रानजाई (धागाकर्ती)
चष्म्याचं दुकान, दातांचा दवाखाना, मुलांच्या उन्हाळी शिबिराचा फॉर्म, मॉलमधलं फुकटचं वायफाय. सगळीकडे आपण तोच ईमेल आणि तोच मोबाइल नंबर लिहून मोकळे होतो. मला हे धोक्याचं वाटतं, आणि धोका नुसता जाहिरातींचा नाही.

एका नावाची शंभर माणसं सापडतील, ईमेल पत्ता मात्र एकाचाच असतो. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणांहून फुटलेल्या याद्या त्या पत्त्यावरून जोडता येतात. एका यादीत जन्मतारीख, दुसरीत घरचा पत्ता, तिसरीत तुम्ही मागवलेली औषधं. याहूमधून २०१३ मध्ये माहिती चोरीला गेली, आणि तिची झळ सगळ्याच्या सगळ्या ३०० कोटी खात्यांना बसली हे कंपनीने २०१७ मध्ये सांगितलं. पोलीस असल्याचं भासवून फोनवरच अटकेची भीती घालायची, त्या 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनवर शिकलेली माणसंसुद्धा घाबरतात, कारण समोरचा त्यांचं नाव, पत्ता, बँक घडाघडा वाचून दाखवतो.

माझी पद्धत अशी. बँक, आयकर आणि विमा यांच्यासाठी एक पत्ता, जो मी इतर कुठेही लिहीत नाही. नातेवाईक आणि कामाच्या लोकांसाठी दुसरा. खरेदी, कुपनं, नोंदण्या यांच्यासाठी तिसरा. जीमेलमध्ये तर आपल्या पत्त्यातल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येते. प्रत्येक दुकानाला वेगळा शब्द दिला की यादी कुणी पुढे पोचवली ते कळतं.

दुकानात मी नंबर देत नाही. नंबर दिला नाही म्हणून ग्राहकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. तरी काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "नंबराशिवाय बिल पुढेच जात नाही." तिथे अडून राहायला हवं.

पेठेतला_दुकानदार
ताई, काउंटरच्या आतल्या बाजूचंही ऐका. आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक पावती हरवून येतं आणि म्हणतं, "गेल्या महिन्यात नेली होती, बदलून द्या." नंबर असला की बिल लगेच सापडतं. पाडव्याआधी नवीन माल आला की आम्ही मेसेज करतो. मोठ्या कंपन्या टीव्हीवर दिसतात, आम्हाला ही यादीच आधार आहे. प्रत्येकाने तुमच्यासारखा नकार दिला तर फटका छोट्यांनाच बसेल.

रानजाई
दादा, तुमच्या हेतूवर माझा संशय नाही. पण ही यादी तुमच्या गल्ल्याजवळच्या वहीत आहे, की बिलाचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीकडे? सॉफ्टवेअर बंद केलंत तर ती पुसली जाते का? गिऱ्हाईक विश्वास तुमच्यावर टाकतं आणि माहिती तिसऱ्याकडे जाते. मेसेज हवा असेल त्याने नंबर द्यावा, पण बिल त्यावाचून अडू नये. एवढंच मागणं आहे.

पेठेतला_दुकानदार
कंपनीकडेच आहे. पुसलं जातं का, हे विचारावं लागेल.

मंदार_क
मला ही तीन पत्त्यांची पद्धत घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घातक वाटते. माझे वडील सत्तरीत आहेत, एका खात्याचा पासवर्ड सांभाळताना त्यांची दमछाक होते. चोरीची भीती असते तशी स्वतःच्याच खात्याबाहेर अडकून पडायचीही असते. त्यात गूगल दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकू शकतं, हे धोरण त्यांनी २०२३ मध्येच जाहीर केलं. बँकेसाठीचा 'गुप्त' पत्ता बाबांनी दोन वर्षं उघडला नाही तर? बँकेचे ईमेल जायचे तेच दार बंद. एकच पत्ता, लांबलचक पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवर आणखी एक खातरजमा) पुरे. आणि पासवर्ड लिहिलेला कागद कपाटात, जागा घरातल्या एकाला माहीत असलेली.

रानजाई
सत्तरीतल्या माणसाला तीन झेपणार नाहीत, मान्य. दोन तरी करा: एक बँकेचा, एक बाकी जगाचा. दोन्ही फोनवरच्या एकाच ॲपमध्ये दिसतात. बँकेच्या पत्त्यावर 'तुमचं पार्सल अडकलंय' अशी मेल आली की बाबांना लगेच कळेल की ही खोटी, कारण तो पत्ता कुरियरवाल्याकडे नाहीच. वयस्कर माणसाला पत्त्यावरून मेल ओळखणं मजकुरावरून ओळखण्यापेक्षा सोपं जातं.

अनवट
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. अधिक चिन्हाच्या युक्तीवर विसंबू नका. त्यापुढचा शब्द कापून मूळ पत्ता काढायला एका ओळीचा प्रोग्राम पुरतो. शिवाय याद्या जोडायला आज ईमेलपेक्षा मोबाइल नंबर जास्त उपयोगी पडतो. ओटीपी त्यावर येतो, यूपीआय त्यावर चालतं, आणि तिसरं सिम कोण बाळगणार? तुम्ही तीन पत्ते केलेत, नंबर एकच ठेवलात, तर भिंत बांधून दार उघडं ठेवल्यासारखं झालं.

जाहिरातीच्या मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र असतं. मेल उघडली की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि तुम्ही ती कधी उघडलीत हे त्याला कळतं. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुमचं ठिकाण झाकलं जातं, पण मेल उघडल्याचं तरीही कळू शकतं. सेटिंगमध्ये 'चित्रं दाखवण्याआधी विचारा' हा पर्याय निवडा. हे काम दोन मिनिटांचं आहे.

पण मुळात हा भार ग्राहकाने का वाहायचा? डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना त्यातही १८ महिन्यांची मुदत आहे. तुमचा राग काउंटरवरच्या पोरावर काढू नका. तो कायदा नीट राबवला जावा म्हणून बोला.

दगडू_पाटील_४२
एवढं घाबरायचं कशाला? आपण साधी माणसं, लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे? नंबर गेला तर गेला, नको तो फोन कट करायचा.

खडीसाखर
पाटीलकाका, माझ्या बहिणीने क्लासच्या फॉर्मवर नंबर लिहिला होता. तिथे काम करणाऱ्या एकाने तो उचलला आणि रात्री-बेरात्री मेसेज सुरू केले. तिच्याकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तिलाच नंबर बदलावा लागला, आणि बँक, कॉलेज, गॅस, सगळीकडे तो बदलून घेताना महिना गेला. फोन कट करून भागतं हे पुरुषाला म्हणता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने खाजगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यात कुणाकडे लपवण्यासारखं आहे की नाही याची अट नाही.

दगडू_पाटील_४२
बहिणीबाबतचं वाचून वाईट वाटलं. मुलींच्या बाबतीत तुमचं पटतं. पण दोषी तो माणूस, फॉर्म नव्हे. त्याची पोलिसांत तक्रार व्हायला हवी होती.

खडीसाखर
तक्रार केली होती. फॉर्मवर नंबराची गरजच नव्हती, हे तरीही खरं आहे. सूचना वर्गातल्या फळ्यावर लागत होत्या.

मंदार_क
एक मुद्दा राहतोच. 'नाही देत' म्हणणं रानजाईंना परवडतं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी ॲपवरून छोटं कर्ज घेतलं. ॲपने फोनमधली सगळी नावं-नंबर वाचायची परवानगी मागितली, पैशांची निकड होती, त्यांनी दिली. हप्ता चुकल्यावर आम्हाला, त्यांच्या भाच्याला, गावच्या सरपंचांना फोन गेले. कर्जाच्या ॲपने संपर्कयादीला हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगून ठेवलं आहे. आणि माझा नंबर मी त्या ॲपला दिलेलाच नव्हता. मावशींच्या फोनमधून तो गेला. तीन पत्त्यांनी मी कसा वाचलो असतो?

रानजाई
नसता वाचलात. इथे माझ्या पद्धतीचा उपयोग नाही, इथे अनवट म्हणतात तो कायदाच हवा. तोवर मावशींच्या फोनवर एवढं करून द्या: सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्या उघडून 'संपर्क' बंद करा, धमकीचे मेसेज न पुसता स्क्रीनशॉट ठेवा, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. आधीच गेलेली यादी परत येणार नाही, पण तक्रारीला पुरावा राहील. आणि सरपंचांना तुम्ही स्वतः फोन करून खरं काय ते सांगा. मावशींना गावात त्याचीच जास्त काळजी असणार.