मेलबर्नला लेकीकडे पाच महिने जातेय. तिथला रोजचा दिवस कसा असतो?

माशेलची बाई (माशेल)

नमस्कार. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लेक मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला असते. जुलैच्या मध्याला तिची तारीख आहे, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात जाणार आणि नोव्हेंबरात परतणार. व्हिसा आला, तिकीट झालं.

काय काय बघायचं ते सगळेच सांगतात. मला विचारायचंय ते साधं आहे. सकाळी जावई कामावर गेला की संध्याकाळपर्यंतचा दिवस तिथे कसा जातो? लेक म्हणते, "आई, दुपारी इथे इतकं शांत असतं की फ्रीजचा आवाज ऐकू येतो." मागच्या महिन्यात ती फोनवर रडली. का म्हणून विचारलं तर कचऱ्याचा डबा न उचलताच गाडी निघून गेली म्हणे. सहावा महिना चालू असलेली पोर डब्यापायी एवढी हुंदके देऊन रडते, याचा अर्थ मला लागला नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

इथे माझी सकाळ पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याने उजाडते. मग नुस्तेकान्न (मासेवाली) हाळी देते, गॅसवाला येतो, गुरुवारी देवळात भजन असतं. दिवसातून दहा माणसं दारावरून जातात. तिथे मला गाडी चालवता येणार नाही. लेकीला आधार द्यायला निघालेय आणि तिलाच मला सांभाळावं लागलं तर काय उपयोग? जाऊन आलेल्यांनी खरंखरं सांगा. आमसोलं, तिरफळं, घरचा मसाला नेता येतो का तेही सांगा.

---

कवळ्याची काकू (कवळे, फोंडा)

बाई, मी गेल्याच डिसेंबरात परतले. मुलगा पॉइंट कुकला असतो, टार्नीटहून काही फार लांब नाही. मीही सुनेच्या बाळंतपणाला गेले होते, जून ते डिसेंबर.

आधी डब्याचं सांगते, कारण मला वाटतं मला ते कळलंय. तिथे प्रत्येक घराला चाकांचे उंच डबे असतात. लाल झाकणात कचरा, पिवळ्यात कागद-बाटल्या, हिरव्यात बागेचा पाला नि खरकटं. कौन्सिलगणिक, म्हणजे तिथल्या नगरपालिकेगणिक, थोडा फरक असतो. ठरलेल्या वाराच्या आदल्या रात्री डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे, चाकं घराच्या बाजूला आणि दोन डब्यांत अंतर. गाडीत एकटा ड्रायव्हर. लोखंडी हात बाहेर येतो, डबा धरतो, वर नेऊन पालथा करतो नि परत ठेवतो. डबा उभ्या मोटारीला खेटून असला किंवा झाकण वर आलं असलं की गाडी सरळ पुढे जाते. पिवळा डबा पंधरवड्यातून एकदाच नेतात, तो चुकला की पंधरा दिवस घरात ढीग. आपल्याकडे पंचायतीची गाडी सुटली तर आपण उंबऱ्यातून ओरडतो, "मात्सो राव रे बाबा!" (जरा थांब रे) आणि तो थांबतो. तिथे ओरडायचं कुणाला? काच बंद, माणूस उंचावर, गाडी वळून गेलेली. तुमच्या लेकीला रडू आलं ते तिथे आलं असणार. माझी सून असंच एकदा कुरियरवाल्यावरून रडली. ती घरात होती, आणि तो बेल न वाजवता दाराला चिठ्ठी लावून गेला होता.

म्हणून पहिलं काम, डबे तुमच्याकडे घ्या. मी दुसऱ्याच आठवड्यात घेतले. बुधवारी रात्री जेवणं झाली की शाल पांघरून एकेक डबा ओढत न्यायची. सगळी गल्ली त्याच वेळेला डबे काढते, त्यामुळे आठवडाभर न दिसलेली माणसं तेव्हा दिसतात. समोरची सत्तरीची ग्रीक बाई मला अशी डब्यापाशीच भेटली. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोजकं, पण नातवंडं किती हे बोटांवर सांगून झालं. पुढच्या बुधवारी तिने पिशवीभर लिंबं दिली. तिथे ऐन थंडीत लिंबं लागतात, परसातलं एकेक झाड नुसतं पिवळं होऊन जातं. लोक जास्तीची लिंबं खोक्यात घालून फाटकाबाहेर ठेवतात, न्या म्हणून पाटी लावून. मी त्यांचं लोणचं घातलं आणि एक बरणी तिला नेऊन दिली.

आता थंडी. जुलैत दुपारी १३-१४ अंश असतं. हिमाचलची थंडी पाहिलेल्याला ते काहीच वाटणार नाही, पण तिथली घरं गार असतात. आतली थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त बोचते. हीटर चालू केला की बरं वाटतं, बिल आलं की मुलगा गप्प होतो, मग आपण स्वेटरवर स्वेटर चढवतो. लोकरी मोजे आणि घरात घालायच्या जाड चपला इथूनच न्या. साडेसातला उजाडतं आणि पाच वाजून गेले की काळोख. पहिला महिना याच काळोखाने माझा जीव कासावीस केला.

फोडणीचंही सांगून ठेवते. छतावर धुराचा अलार्म असतो. मी पहिल्याच दिवशी तेल चांगलं तापवून मोहरी टाकली, मिरची घातली आणि घरभर असा कर्णकर्कश आवाज सुरू झाला की हातातला झारा पडला. सून आठवा महिना सरत आलेली, ती खुर्चीवर चढायला निघाली. तिला हाताला धरून खाली बसवलं आणि मी टॉवेलने खालून वारा घालत राहिले. दोन मिनिटांनी थांबला, पण माझी छाती अर्धा तास धडधडत होती. आधी वरचा पंखा लावा, खिडकी उघडा, मगच कढई ठेवा. ओट्यावर हळद सांडली तर लगेच पुसा. भाड्याचं घर असेल तर एजंट अधूनमधून घर तपासायला येतो, आणि पांढऱ्या ओट्यावरचा पिवळा डाग पोरांच्या जिवाला घोर लावतो.

सामानाचं. विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काहीही असलं की तिथे 'हो' लिहा. मी आमसोलं, तिरफळं, मसाला सगळं लिहिलं होतं. अधिकाऱ्याने उघडून बघितलं, वास घेतला, परत दिलं. भावजयीने हौसेने घातलेला ताजा कढीपत्ता मात्र काढून घेतला. आधीच सांगितलेलं असल्यामुळे दंड झाला नाही. लपवलं की दंड, आणि तो भरमसाट असतो. तुपातले मेथीचे लाडू करून नेऊ नका, दुधातुपाच्या पदार्थांवर फार कडक आहेत. मेथ्या, डिंक, खारीक, अळीव तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. तिथेच करा, ताजे होतील, आणि घरात वास सुटला की लेकीला बरं वाटेल.

---

पेडण्याचा भाऊ (मेलबर्न)

मी बारा वर्षं इथे आहे. काकूंनी डब्याचं अचूक सांगितलं. मी इथे आलो तेव्हा मला सगळ्यात जड गेली ती हीच गोष्ट, की प्रत्येक कामाला यंत्र, फॉर्म नाहीतर फोनवरची रांग. नळ गळत असेल तर प्लंबरची वेळ घ्या आणि दिवस मोजा. एकदा बायकोचा कान ठणकत होता आणि मी फोन कानाला लावून पन्नास मिनिटं तेच संगीत ऐकत उभा होतो. त्या दिवशी म्हापशाच्या आमच्या डॉक्टरांची फार आठवण आली. दार ढकललं की आत.

बाई, तुम्हाला व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्यसेवा) लागू होत नाही, त्यामुळे विमा नीट घ्या आणि आधीपासूनच्या दुखण्यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. स्वतःसाठीची औषधं तीन महिन्यांपुरतीच आणता येतात, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा. पुढच्या दोन महिन्यांसाठी इथल्या जीपीकडून (साध्या डॉक्टरकडून) लिहून घ्यावी लागतील. तातडीला नंबर ००० आहे, फ्रिजवर लिहून चिकटवा.

बाळंतपण सुखरूप झालं तर एकदोन दिवसांत घरी पाठवतात, तेव्हा तुमचा खरा उपयोग आहे. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, कौन्सिलची नर्स बाळाला बघायला घरी येते. बाळ साडेतीन वर्षांचं होईपर्यंत अशा दहा तपासण्या असतात, सगळ्या फुकट. आमच्या पहिल्या मुलाच्या वेळी ती नर्स बायकोच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली होती. बाळाचं वजन मग, आधी "तू झोपतेस का?" हे तिने विचारलं. इथल्या व्यवस्थेवर मी शंभर वेळा चिडलो असेन, पण ती सकाळ मी विसरणार नाही. एक लक्षात ठेवा, गाडीत बाळाला मांडीवर घेता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत मागे तोंड करून बसवायची सीट सक्तीची आहे. बाळ रडतं आणि आजीला उचलता येत नाही. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता नुस्त्याचं (मासळीचं), त्याशिवाय गोंयकाराचं पत्र पुरं होत नाही. आपल्या हॉटेलांत इसवणाला किंगफिश म्हणतात. इथे किंगफिश मागितलात तर वेगळाच मासा हातात पडेल. इसवण हवा असेल तर स्पॅनिश मॅकरेल मागा. आणि इथले लोक ज्याचं एवढं कौतुक करतात तो बारामंडी म्हणजे आपला चोणक! मला हे कळायला दोन वर्षं लागली. त्या दिवशी घरी रवा लावून तुकड्या भाजल्या आणि आईला व्हिडिओवर दाखवल्या. पश्चिमेला राहणाऱ्यांना फुटस्क्रेचा बाजार बरा. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८पासूनचं आहे, पण सोमवारी नि बुधवारी बंद असतं, उगाच हेलपाटा नको. डोकं फेकू नका म्हणून आधीच सांगा, हुमणाला (माशाच्या आमटीला) तेच लागतं. किसलेला नारळ गोठवलेला मिळतो. उकडा तांदूळ श्रीलंकन किंवा केरळी दुकानात बघा. पेज अगदी घरच्यासारखी होते.

---

साखळीकर (साखळी)

माझा मुलगा ब्रिस्बेनला आहे, तिथे जुलैत साध्या स्वेटरवर भागतं. एकच भर घालतो. मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास, पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, मग साडेपाच तास. ब्रिस्बेनला असं काही करत नाहीत. तुम्ही इथे संध्याकाळी सातला दिवा लावून फोन कराल तेव्हा तिथे साडेअकरा वाजलेले असतात. घरच्यांना दुपारची वेळ ठरवून द्या. आमच्या घरी पहिल्या वर्षी यावरून फार रुसवेफुगवे झाले.

---

माशेलची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून काल लेकीला विचारलं, त्या दिवशी ओरडावंसं वाटलं होतं का गं? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मी खिडकीतून हात केला होता."

डबे माझ्याकडे. लिहून ठेवलंय. भाऊ, चोणकाचं वाचून धीर आला. आता एकच विचारते. दिवसा एकटीने बाहेर पडता येईल का? चतुर्थी तिथेच येणार, गणपतीवर फळं-पानं बांधायची माटोळी नाही, आरत्या नाहीत. त्या दिवसांत मी घरात कोंडून राहिले तर माझं काही खरं नाही.

---

कवळ्याची काकू

पडता येईल, आणि पडाच. बससाठी मायकी कार्ड लागतं, सेव्हन-इलेव्हनमध्ये मिळतं. चढताना लावायचं, उतरताना परत लावायचं. उतरताना सगळे ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात, शाळेतली पोरंसुद्धा. मला ते फार आवडलं. शहरात गेलात तर मधल्या भागातली ट्राम फुकट आहे. नाण्यांत गोंधळ होईल. दोन डॉलरचं नाणं एक डॉलरपेक्षा लहान असतं, आणि पन्नास सेंटचं सगळ्यांत मोठं, बाराकोनी. एक नि दोन सेंटची नाणी १९९२ साली चलनातून गेली, त्यामुळे रोखीने देताना हिशेब पाच सेंटांवर आणतात.

मला खरा आधार दिला तो ग्रंथालयाने. उबदार असतं, कुणी 'का आलात' विचारत नाही, आणि लहान मुलांसाठी गाण्यांचा नि गोष्टींचा तास असतो. चार महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन मी जायचे. तुम्ही तर शिक्षिका, तुमचा हात तिथे आपोआप टाळ्यांना जाईल.

ऑगस्टपासून मॅगपायवर लक्ष ठेवा. आपल्या कावळ्याएवढा काळापांढरा पक्षी, सकाळी बासरीसारखा गातो. पण घरट्याच्या दिवसांत मागून येऊन डोक्यावर झेप घेतो, सायकलवाले त्याच्यासाठी हेल्मेटला काड्या बांधून फिरतात. आपली पावसाळी छत्री न्या आणि उघडून चाला. ऑक्टोबरनंतर तीच उन्हाला लागेल, तिथलं ऊन हवा गार असली तरी कातडी जाळतं.

कुणी बोलावलं आणि 'ब्रिंग अ प्लेट' म्हणालं तर एक पदार्थ करून न्यायचा असतो. खोबऱ्याच्या वड्या न्या, ताट रिकामं परत येतं.

चतुर्थीला आम्ही लहान मूर्ती बसवली. माटोळीच्या जागी पडद्याच्या दांड्याला सुतळीने बांधलं ते त्या ग्रीक बाईंच्या लिंबांचं एक घड पानांसकट, दोन मक्याची कणसं, एक भोपळा आणि बाजारातली सुपारी. आरतीला आम्ही तिघं आणि बाळ. समोरच्या बाई दारात उभ्या राहिल्या, आत या म्हटल्यावर चपला काढून आल्या आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होत्या. तुम्ही जाल तेव्हा त्यांच्यासाठी लोणच्याची एक बरणी पाठवेन म्हणते. इथून नेता येणार नसेल तर कृती लिहून देते, टार्नीटला करा आणि मुलाच्या हातून पोचवू.