मदत हवी आहे: वेबहुक दोनदा येतो, वर्गणीची मुदत दुप्पट वाढते

नमस्कार मंडळी. दुकानदारांच्या बिलिंग ॲपची वार्षिक वर्गणी ९९९ रुपये. पैसे भरले की पेमेंट गेटवेचा वेबहुक (पैसे आल्याचा आपोआप येणारा निरोप) येतो आणि मुदत ३६५ दिवसांनी वाढते. काहींची मात्र ७३० दिवसांनी वाढली.

कारण सापडलंय. आधी पावतीची पीडीएफ बनते, मग ईमेल जातो, शेवटी गेटवेला २०० ('निरोप मिळाला') हे उत्तर. यात आठ-दहा सेकंद जातात. गेटवे तेवढा थांबत नाही, तोच निरोप पुन्हा पाठवतो. सिग्नेचर (निरोप गेटवेचाच असल्याची खूण) तपासून हे अडत नाही, कारण दुसरा निरोपही खराच असतो.

दुरुस्ती अशी ठरली आहे: सिग्नेचर निरोपाच्या मूळ बॉडीवरच (आला तसाच मजकूर) तपासायची (जेसन पार्स करून पुन्हा जोडला की एखादी स्पेस बदलते आणि एचमॅक, म्हणजे गुप्त किल्लीने काढलेली ही सिग्नेचर, जुळत नाही), पेमेंट आयडीवर युनिक इंडेक्स (तोच आयडी दुसऱ्यांदा नोंदला जात नाही), नोंद आणि मुदतवाढ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही), लगेच २००. पीडीएफ, ईमेल नंतर.

अडलंय ते इथे: १ जीबी रॅमच्या सर्व्हरवर या मागाहूनच्या कामांसाठी रेडिस (मेमरीत चालणारा वेगळा डेटा साठा) लावावं, की पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच टेबल करून 'स्किप लॉक्ड'ने (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून) कामं उचलावीत? आणि वेबहुक आलाच नाही तर गेटवेच्या नोंदींशी ताळमेळ दर किती मिनिटांनी घ्यावा? पैसे भरलेल्या माणसाचं बिल गिऱ्हाईक समोर उभं असताना अडायला नको.