‘तशीच अजून एक सांगा’ला उत्तर देण्याआधी, आवडलं काय ते विचारा

गोदाकाठ:
नाशकातल्या आमच्या ॲनिमेवाल्या (जपानी ॲनिमेशन मालिका बघणाऱ्यांच्या) ग्रुपवर एक प्रश्न सतत पडतो: ‘डेथ नोट’ संपली, आता तशीच अजून एक सांगा. लगेच चार जण लिहितात, ‘कोड गिआस’. दोन्ही २००६ च्या. दोन्हींत हुशार विद्यार्थ्याच्या हाती अचानक अमानवी शक्ती येते आणि तो जग बदलायला निघतो. कागदावर जोडी अगदी जुळते. पण माझ्या मावसभावाने ती लावली, रोबॉटांच्या लढाया सुरू झाल्या आणि त्याने टीव्ही बंद केला. त्याला ‘डेथ नोट’मधले वहीत नाव लिहून माणसं मारणारा लाइट आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर एल एकमेकांचे डाव ओळखतात तेवढंच हवं होतं. चिप्सच्या पाकिटात छोटा टीव्ही लपवून, कॅमेऱ्यांच्या देखत लाइट नावं लिहितो, तो प्रसंग हा पोरगा पुन्हा पुन्हा लावतो. अशा माणसाला ‘काइजी’ द्यायला हवी. २००७ ची, पहिल्या सीझनचे २६ भाग, जादू नाही की रोबॉट नाहीत. कर्जात बुडालेला एक तरुण जहाजावर दगड-कागद-कात्रीचा जुगार खेळतो आणि बघणाऱ्याला घाम फुटतो.

उलट ज्याला लाइटचं घसरत जाणं बघवत नव्हतं आणि तरी सोडवत नव्हतं, त्याच्यासाठी ‘मॉन्स्टर’ आहे. जर्मनीतला एक जपानी सर्जन महापौरांचं ऑपरेशन सोडून एका मुलाचा जीव वाचवतो आणि तो मुलगा पुढे खुनी निघतो. ७४ भाग आहेत, चाल संथ आहे. मालिका एकच, आवडायची कारणं दोन, मग उत्तर एकच कसं चालेल? सुचवणाऱ्याने एक प्रश्न विचारायचे कष्ट घ्यावेत.

सिडकोवासी:
असहमत. अंबडला शिफ्ट करून आलेल्या माणसाकडे जेवणानंतरचा जेमतेम तास असतो. त्याला जे आवडलं तेच पुन्हा हवं असेल तर त्यात गैर काय? शिवाय नव्या माणसाला आपल्याला नक्की काय आवडलं ते सांगताच येत नाही. तो ‘भारी होती’ म्हणतो. त्याची उलटतपासणी घेत बसलात तर तो परत विचारायला येणार नाही.

आणि सारखेपणामुळेच माणूस नव्या ठिकाणी पोचतो. ‘अटॅक ऑन टायटन’ आवडलेल्यांना मी बिनधास्त ‘विनलंड सागा’ सांगतो. पहिला सीझन सूड, कुऱ्हाडी, लढाया. दुसऱ्यात नायक थॉरफिन गुलाम म्हणून एका शेतावर जंगल तोडतो, खोडं उपटतो, गहू पेरतो आणि आपण मारलेल्या माणसांचा विचार करतो. ‘शेतीवरची संथ मालिका आहे’ म्हणून सांगितली असती तर आमच्या कंपनीतल्या एकानेही लावली नसती. लढाईसाठी आले आणि गव्हासाठी थांबले.

द्राक्षबाग, निफाड:
मी गोदाकाठदादांच्या बाजूने. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’ (२००९, ६४ भाग) संपल्यावर जो तो मला जादूच्या आणि मारामारीच्याच मालिका सांगत होता. चुलत बहिणीने मात्र विचारलं, तुला त्यातलं काय भिडलं? मी म्हटलं, काही मिळवायचं तर तेवढीच किंमत मोजावी लागते, हा नियम. तिने ‘सिल्व्हर स्पून’ सांगितली. दोन्हींचा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) हिरोमु अराकावा यांचाच, आणि त्या स्वतः होक्काइदोतल्या गोठ्याच्या घरात वाढल्या आहेत. शहरातला एक मुलगा शेतीशाळेत येतो. डुकराच्या एका अशक्त पिल्लाचं नाव ठेवतो, ते कत्तलखान्यात जाणार हे माहीत असूनही. शेवटी त्याचं मांस स्वतः विकत घेतो आणि धुरी देऊन बेकन करतो. पुढे एका वर्गमित्राच्या घरचा गोठा कर्जात जातो, पोराला शाळा सोडावी लागते. अवकाळीने बाग झोडपली त्या वर्षी तो भाग पाहिला. वडील एरवी बातम्यांपलीकडे काही बघत नाहीत, ते शेजारी बसून राहिले. मध्येच म्हणाले, ‘तिकडं पण सोसायटीचं कर्ज असंच का?’ प्रकार बघून सुचवणाऱ्याच्या हे डोक्यातही आलं नसतं.

कॉलेजरोडची:
तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे कुणी लिहिली आणि कुणी बसवली ते बघा. द्राक्षबाग यांचं उदाहरण खरं तर याच मार्गाचं आहे. ‘विनलंड सागा’ लिहिणारे माकोतो युकिमुरा यांचीच ‘प्लॅनेटेस’ (२००३, २६ भाग): अवकाशातला कचरा गोळा करणाऱ्या कामगारांची गोष्ट. तिचे दिग्दर्शक गोरो तानिगुची, म्हणजे ‘कोड गिआस’वालेच. दोन वेगळ्या मालिकांचे प्रेक्षक एकाच ठिकाणी येतात. अर्थात फक्त दिग्दर्शकाच्या भरवशावर राहू नका. ‘डेथ नोट’ आणि ‘अटॅक ऑन टायटन’ दोन्हीकडे तेत्सुरो अराकी आहेत. त्यांचीच ‘गिल्टी क्राउन’ दिसायला देखणी आहे, पण गोष्टीत दम नाही.

सावरपाडा फॅन:
व्हॉलीबॉलच्या ‘हाइक्यू’वाल्यांना सगळे बास्केटबॉलची ‘स्लॅम डंक’ देतात. उत्तमच आहे ती. पण टीम जमत जाण्याची मजा आवडली असेल तर ‘रन विथ द विंड’ (२०१८, २३ भाग) बघा. पडक्या होस्टेलातली दहा पोरं, बऱ्याच जणांना पळायची सवयच नाही, आणि उतरायचंय हाकोनेच्या, जपानी विद्यापीठांच्या लांब पल्ल्याच्या रिले शर्यतीत. ज्या जिल्ह्यातून धावपटू कविता राऊत निघाल्या आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य घेऊन आल्या, तिथल्या प्रत्येकाने ही बघावी.

इंदिरानगरची आई:
वयाबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या सहावीतल्या मुलाला ‘डीमन स्लेयर’चं वेड. (ती तरी या वयाला कितपत योग्य, हा आमच्या घरातला वेगळा वाद.) क्लासमधल्या मोठ्या मुलाने त्याला ‘चेनसॉ मॅन’ सांगितली. का, तर दोन्हीकडे राक्षस मारतात! ती मालिका मोठ्यांची आहे, त्यातलं बरंच काही मुलांनी बघू नये असं आहे. मी मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘डीमन स्लेयर’चा नायक तांजिरो मरणाऱ्या राक्षसाचासुद्धा हात धरतो ते मला आवडतं. आता आम्ही ‘नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स’ बघतोय. आजीने वहीत बांधून ठेवलेली भुतांची नावं नातू एकेकाला परत करतो. राक्षस मारणं तिथे नाहीच, आणि मुलगा रोज मागून बघतोय.

सिडकोवासी:
ताई, वयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो दोष सारखेपणाचा नाही, समोर कोण आहे ते न बघता सांगणाऱ्याचा आहे.

गोदाकाठ:
समोर कोण आहे ते बघणं म्हणजेच विचारणं ना, दादा.

नवीन_नाशिकरोड:
मध्येच विचारते. ‘फ्रीरेन’चा पहिला सीझन, २८ भाग, काल संपला. आता काय बघू?

सिडकोवासी:
‘डिलिशस इन डंजन’. २०२४ ची, २४ भाग. तशीच टोळी, एल्फ (लांब कानांची, दीर्घायुषी जमात) आहे, बुटका योद्धा आहे, जादू आहे. आजच लावा.

गोदाकाठ:
थांबा, त्यातला कुठला भाग मनात राहिला?

नवीन_नाशिकरोड:
फ्रीरेन आपल्या गेलेल्या सोबत्याच्या, हिमेलच्या पुतळ्याभोवती लावायला निळी फुलं शोधत राहते तो. तो जिवंत असताना त्याने ज्यांचं नाव घेतलं होतं ती.

गोदाकाठ:
मग ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’. १३ भाग. युद्धातून आलेली मुलगी दुसऱ्यांची पत्रं लिहून देते आणि लिहिता लिहिता त्यांची माया समजून घेते. दहाव्या भागापर्यंत नक्की जा, तिथे एक आजारी आई आहे.

सिडकोवासी:
शिफ्टवरून आलेल्या माणसाला दहाव्या भागापर्यंत थांबायला सांगताय. ताई, रविवारी ती बघा. आज रात्री मी सांगितलेली लावा, पहिल्याच भागात जेवण शिजतं.